बॅटरी बदलण्याआधी तीन रीडिंग बिलावर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ आमचं बॅटरी आणि ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी सुरू केलेलं. १९९६ पासून मी त्यांच्या हाताखाली होतो, गेली काही वर्षं एकटाच बघतो. लिहिण्याची सवय मला बिलबुकापुरती. तरीही हे पत्र लिहायला बसलो, कारण मागे एका आठवड्यात माझ्याकडे तीन गाड्या अशा आल्या की तिन्ही मालकांनी वर्षाच्या आत नवी बॅटरी टाकली होती आणि तिन्ही गाड्यांतला दोष बॅटरीत नव्हताच.

पहिली गाडी एका शिक्षिकेची. त्या पाटण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात, रोज कराडहून जाऊन-येऊन. मंगळवार ते शुक्रवार गाडी बिनतक्रार सुरू व्हायची आणि सोमवारी सकाळी नुसता टक् टक् आवाज. सेल्फ उचलायचाच नाही. मग शेजारच्या मुलांना हाका मारायच्या, गल्लीच्या उतारापर्यंत गाडी ढकलायची, शाळेतला पहिला तास बुडायचा. आठ महिन्यांत त्यांनी दोन बॅटऱ्या घेतल्या. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने "मॅडम, तुमचं रनिंग कमी पडतं" असं सांगून बोळवण केली. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं रनिंग कमी कसं म्हणायचं?

मी बॅटरी खोललीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या दोन टर्मिनलांवर काडेपेटीपेक्षा जरा मोठं, बॅटरीचं व्होल्टेज मोजून ठेवणारं एक काळं यंत्र लावून दिलं आणि मॅडमच्या फोनवर त्याचं अ‍ॅप टाकलं. सोमवारी उजाडताच त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. त्यांनी फोन बॉनेटजवळ धरला, यंत्राने तीन रात्रींच्या नोंदी फोनवर सोडल्या आणि पडद्यावर रेघ उमटली. शुक्रवारी रात्री १२.७ व्होल्ट. शनिवारी सकाळी १२.५. रविवारी सकाळी १२.२. सोमवारी ११.९. गाडी बंद, चावी घरात, दरवाजे लावलेले, तरी रेघ एकसारखी उतरत गेलेली. धडधाकट बॅटरी अशा वेळी जवळपास आडवी रेघ दाखवते. याचा अर्थ सरळ होता: गाडीत काहीतरी रात्रंदिवस बॅटरी पीत होतं.

टेप बघितला, जीपीएस बघितला, हॉर्नचा रिले बघितला. काही सापडेना. शेवटी माझा फोन व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला, झाकण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि उघडलं. व्हिडिओत झाकण लागल्यावरही डिकीचा दिवा जळतच होता. सामानाची सुतळी, एक फाटकी छत्री आणि वह्यांचे गठ्ठे पिवळ्या उजेडात स्पष्ट दिसत होते. लॅचमधला स्विच मळाने अडकला होता. दिवा पाच वॅटचा, म्हणजे उजेड जेमतेमच. पण तो सुमारे ०.४ अँपिअर करंट खातो, म्हणजे तासाला ०.४ अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास धरले तर पंचवीस अँपिअर-अवर झाले, आणि त्या गाडीची बॅटरी पस्तीसची. मधल्या दिवसांत रात्रीचं गेलेलं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर भरून निघायचं, म्हणून तक्रार फक्त सोमवारची. स्विच पेट्रोलने धुतला, चालू झाला. त्या मायबाईचे दोन बॅटऱ्यांचे मिळून नऊ हजार रुपये गेले होते.

उरलेल्या दोन गाड्यांचं थोडक्यात सांगतो. एक वडापची जीप. तिचं इंजिन चालू असतानाही मीटर १२.३ च्या वर चढेना. इंजिन फिरताना बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याचे ब्रश झिजलेले, चार्जिंगच होत नव्हतं. दुसऱ्या गाडीची इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी गंजून निम्मी तुटली होती. दोन्हींत बॅटरीचा काडीचाही दोष नव्हता आणि दोन्हींत पहिली बदलली ती बॅटरीच.

आता या यंत्राबद्दल. ते काही मी शोधलेलं नाही. माझी धाकटी मुलगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिने दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलं. सतराशे रुपयांना पडलं. मी तेव्हा फारसा राजी नव्हतो. तात्यांनी मला बॅटरी शिकवली ती हायड्रोमीटरवर, म्हणजे अ‍ॅसिड पाण्यापेक्षा किती जड आहे ते मोजण्याच्या साधनावर. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत लाल-पिवळा-हिरवा पट्टा असलेला तरंगता काटा. सहाही बुचं काढायची, एकेका सेलमधलं अ‍ॅसिड ओढायचं, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं. १.२६ ते १.२८ म्हणजे सेल भरलेला. पाच सेल १.२६ आणि एक १.२० आला, तर तो सहावा सेल गेला, कितीही चार्जिंगला लावा. तात्या म्हणायचे, बॅटरी सहा भावंडांची असते, एक आजारी पडलं की घर बसतं.

पण आज तो हायड्रोमीटर माझ्याकडे खुंटीवर टांगलेला आहे. बहुतेक गाड्यांना आता सीलबंद बॅटऱ्या येतात, त्यांना बुचंच नसतात. वर एक छोटा गोल डोळा असतो, हिरवा दिसला की ठीक असं सांगतात. तो डोळा सहांपैकी एकाच सेलचं बघतो, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. म्हणजे पूर्वी मालकासमोर बुचं उघडून दाखवता यायचं, ते आता बंद डब्यात गेलं. बॅटरीच्या पोटात काय चाललंय ते दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं, एवढंच मालकाच्या हाती राहिलं. म्हणून मला या फोनवरच्या रीडिंगचं महत्त्व वाटतं. निदान एक खिडकी मालकाला परत मिळाली.

यंत्राचं काम साधं आहे. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. ठरावीक वेळाने ते बॅटरीचं व्होल्टेज मोजतं आणि स्वतःजवळ साठवतं, फोन घरी असला तरी. माझ्याकडचं महिन्याभराच्या नोंदी ठेवतं. फोनशी ते ब्लूटूथने बोलतं, आणि ब्लूटूथ हे हाकेच्या अंतरावरचं काम. मोकळ्यात दहा मीटर धरा, बॉनेटचा पत्रा आणि भिंत मध्ये आली की त्याहून कमी. चौथ्या मजल्यावर बसून खालच्या गाडीचं रीडिंग येईल अशी अपेक्षा ठेवू नका. लोक विचारतात, हे यंत्रच बॅटरी उतरवणार नाही का? ते एक-दोन मिलिअँपिअर घेतं, म्हणजे महिन्याला साधारण एक अँपिअर-अवर. त्याउलट गाडीतलं घड्याळ, लॉक, अलार्म आणि काँप्युटर मिळून गाडी बंद असताना तीस मिलिअँपिअर घेत असतील, तर महिन्यात एकवीस-बावीस अँपिअर-अवर जातात. पस्तीसच्या बॅटरीतले निम्म्याहून जास्त, आणि गाडी जागची हललेलीही नसते.

२०२० च्या टाळेबंदीत हेच झालं. मार्चअखेर लावलेल्या गाड्या लोकांनी मे-जूनमध्ये उघडल्या आणि मी केबल खांद्यावर टाकून सोसायट्यांमधून फिरलो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि जितके दिवस जातील तितके ते घट्ट होतात. आठ दिवसांनी चार्जिंगला लावलेली बॅटरी उठते, दोन महिन्यांनी लावलेली बहुतेकदा उठत नाही. आमच्या भागातले ट्रॅक्टर दर वर्षी यातून जातात. गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा, आणि दसऱ्याच्या आसपास मालक बॅटरी खांद्यावर घेऊन माझ्या दारात. महिन्यातून एकदा फोन बॉनेटजवळ धरून १२.४ च्या खाली गेली का एवढं बघितलं आणि गेली असेल तर एक रात्र चार्जरवर ठेवली, तर तीच बॅटरी पुढचे दोन हंगाम ओढते. ज्याला एवढंही जमत नसेल त्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावं.

आकडे लक्षात ठेवायला जड नाहीत. पहिलं रीडिंग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दरवाजा उघडण्याआधी घ्यायचं, तेच खरं. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. दुसरं रीडिंग सेल्फ मारताना. त्या क्षणी व्होल्टेज खाली जाणारच, पण ९.६ च्या खाली जाऊ नये. तिसरं इंजिन चालू असताना, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. १३ च्याही खाली राहत असेल तर अल्टरनेटर बघा. १५ च्या वर जात असेल तर तेही वाईट. पाणी उकळून उडतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरीची कूस फुगते. नव्या गाड्यांबाबत मात्र एक सांगून ठेवतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत अल्टरनेटर काँप्युटरच्या हुकमाने चालतो, तिथे चालत्या गाडीत मध्येच १२.८ आणि ब्रेक मारताना १४.७ दिसलं तर घाबरून जाऊ नका. त्या गाड्यांना बॅटरीही वेगळ्या जातीची लागते. साधी टाकली तर टिकत नाही.

याची मर्यादाही सांगायला हवी. अ‍ॅपमध्ये मोठ्या हिरव्या वर्तुळात "१०० टक्के" येतं आणि लोक ते बॅटरीची तब्येत म्हणून वाचतात. ते तब्येतीचे टक्के नाहीत, त्या घटकेला बॅटरी किती भरलेली आहे याचा नुसत्या व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज आहे. गेल्या हंगामात ओगलेवाडीकडचा एक ट्रॅक्टर आला. सकाळचं रीडिंग १२.६५, अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं, मालक म्हणे स्टार्टर भरून द्या. मी सेल्फ मारायला लावून फोनवर बघितलं, आकडा ७.९ ला जाऊन आदळला. प्लेटांचा माल गळून तळाशी बसला होता. हंडा काठोकाठ दिसतो पण तळाला गाळ असतो, तसं. म्हणून पहिल्या रीडिंगवर थांबू नका, सेल्फ मारतानाचं बघा. आणि तिथेही शंका राहिली तर लोड टेस्टर (बॅटरीवर मुद्दाम भार टाकून बघण्याचं यंत्र) आणि कारागीर लागतोच. हे यंत्र कारागिराची जागा घेत नाही, पण कारागिराला खोटं बोलणं अवघड करतं.

आमच्या धंद्याबद्दल मला हे बोलणं भाग आहे. काही दुकानांत हातातला टेस्टर लावून "रिप्लेस" लिहिलेली चिठ्ठी काढून देतात. तो टेस्टर खोटा नसतो. पण उतरलेली बॅटरी आधी चार्ज न करताच त्याला जोडली, किंवा बॅटरीची क्षमता चुकीची भरली, तर तो चांगल्या बॅटरीलाही "रिप्लेस" म्हणतो. पावसाळ्यात संध्याकाळी गाडी बंद पडलेला, बायकामुलं सोबत असलेला माणूस चिठ्ठी बघून साडेचार-पाच हजार मोजतो. त्याच्याजवळ विचारायला प्रश्नच नसतो. मीही बॅटऱ्या विकूनच घर चालवतो आणि नव्या बॅटरीत मिळतं तेवढं स्विच धुण्यात मिळत नाही, हे मला माहीत आहे. तरीही म्हणतो की नवी बॅटरी विकण्याआधी जुन्या बॅटरीची ही तिन्ही रीडिंग, तारखेसह, बिलावर लिहिण्याची सक्ती व्हावी. गाडी रात्रभर उभी नसेल तर तसं लिहावं. वैधमापनवाले आमचा वजनकाटा तपासतात, पेट्रोलपंपाचं माप तपासतात, मग गाडीतला दोष कुठे आहे हे न मोजता पाच हजारांची वस्तू गळ्यात मारण्याला काहीच आडकाठी का नसावी? माझ्या बिलबुकात मी तीन रकाने छापून घेतले आहेत. छपाईला जास्त पैसे लागले नाहीत.

यात फक्त गिऱ्हाइकाच्या पैशांचा प्रश्न नाही. प्रत्येक बॅटरीत कितीतरी किलो शिसं आणि गंधकाचं अ‍ॅसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं रीतसर पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण जी बॅटरी अजून दोन वर्षं चालली असती ती भंगारात का जावी? भंगाराच्या वाटेवर कुठेतरी उघड्यावर अ‍ॅसिड ओतलं जातं, भट्टीत शिसं वितळवलं जातं आणि तो धूर शेजारच्या पोरांच्या छातीत जातो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. तात्या आम्हाला जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे आणि कामाचे कपडे घरी न्यायला बंदी होती, ती याचसाठी.

आता तात्यांचंच सांगतो. मला हे पत्र लिहायला लावणारी खरी गोष्ट ती आहे.

२०१८ च्या डिसेंबरात, रात्री दोनच्या सुमाराला, गावच्या घरी तात्यांचं बोलणं अडखळायला लागलं आणि उजवी बाजू लुळी पडली. गावात एका संस्थेची रुग्णवाहिका होती, आमच्या वाड्यापासून दोनशे पावलांवर. चालक तत्पर माणूस, बनियनवरच धावत आला. चावी फिरवली आणि टक् टक् टक्. गाडी अकरा दिवस जागची हलली नव्हती. आतला एक दिवा आणि मोबाइलचा चार्जर लागलेलाच राहिला होता. थंडी कडाक्याची. आम्ही बारा-तेरा जणांनी ढकलली, डिझेलची जड गाडी, चढाचा रस्ता. मी घरात होतो, पण माझी केबल आणि टेस्टर कराडच्या दुकानात. शेवटी दूध संकलनाचा टेम्पो उठवून त्यात गादी टाकून तात्यांना नेलं. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्यातही जितकं लवकर तितका उपयोग, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावलं. आमचा तासाहून जास्त वेळ त्या गाडीमागे गेला होता. तात्या वाचले. उजवा हात गेला.

तोच हात बॅटरी नुसती उचलून, जरा कलती करून, आत पाणी कमी आहे की प्लेट सुटली आहे ते सांगायचा. त्यावर अ‍ॅसिडचे पांढरट डाग आहेत, ते अजून तसेच. आता तो खुर्चीच्या हातावर ठेवलेला असतो आणि दुपारी उशी सरकवून आम्ही त्याची जागा बदलतो.

चालकाला मी कधी दोष दिला नाही. आदल्या दिवशी त्याने गाडी पुसली होती, डिझेल बघितलं होतं, टायरची हवा बघितली होती. बॅटरी कशाने बघायची होती त्याने? ती कळण्याचं कुठलंही साधन त्याच्या हातात नव्हतं. आज आहे. त्याच रुग्णवाहिकेला गेल्या वर्षी मी हे यंत्र लावलं. चालक रोज सकाळी सातला गाडीपाशी उभा राहून रीडिंग बघतो आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. १२.४ च्या खाली गेलं तर चार्जर लावतो. नुसतं दहा मिनिटं जागेवर इंजिन सुरू ठेवून काही भरत नाही, हे त्याला आता पाठ आहे. थंडीत दोन वेळा आकडा खाली गेला होता, दोन्ही वेळा दुपारच्या आत चार्जर लागला.

राज्यात ग्रामपंचायतींच्या, ट्रस्टांच्या, मंडळांनी लोकवर्गणीतून घेतलेल्या अशा कितीतरी रुग्णवाहिका दिवसचे दिवस उभ्या असतात. उभी राहणारी गाडी हीच बॅटरी मरण्याची जागा. शाळेच्या बसगाड्याही मे महिनाभर उभ्या असतात आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी पोरं पावसात थांबतात. आरोग्य खात्याने आणि जिल्हा परिषदांनी निदान रुग्णवाहिकांसाठी तरी हे सतराशे रुपयांचं यंत्र आणि सकाळच्या रीडिंगची वही बंधनकारक करावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्रातून हात जोडून विनंती आहे.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं, ते माझ्या मुलीने दाखवून दिलं. अशी काही अ‍ॅप सुरू करतानाच फोनचं लोकेशन मागतात. याला एक तांत्रिक कारण होतं: जुन्या अँड्रॉइडमध्ये जवळचं ब्लूटूथ यंत्र शोधायलाच लोकेशनची परवानगी लागायची, अँड्रॉइड १२ पासून ती वेगळी केली. पण २०२३ मध्ये एका सायबर सुरक्षा संशोधकाने बॅटरी बघण्याच्या अशाच एका खूप खपाच्या यंत्राचं अ‍ॅप उलगडून तपासलं, तेव्हा फोनचं जीपीएसचं ठिकाण आणि आसपासच्या मोबाइल टॉवरची व वायफायची माहिती परदेशातल्या सर्व्हरवर जात असल्याचं त्याला आढळलं. बॅटरी किती व्होल्ट आहे हे सांगायला माझी गाडी रात्री कुठे उभी असते हे परदेशात कळण्याची गरज काय? त्या शिक्षिका एकट्या राहतात. त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकताना मी ते लोकेशन बंद करूनच दिलं, आणि लोकेशनशिवाय न चालणारं अ‍ॅप मी दुकानात लावतच नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडेही २०२३ मध्ये झाला. त्याच्या अंमलबजावणीत अशा स्वस्त यंत्रांकडेही कुणीतरी बघावं.

विजेवरच्या गाड्यांचं मी अजून शिकतो आहे, म्हणून एवढंच लिहितो. तिथे तर सबंध गाडीच बॅटरीवर. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये चार्ज किती आणि किती किलोमीटर जाईल हे दिसतं, पण नवी असताना जेवढी क्षमता होती त्यातली आज किती उरली, हे ज्याने पैसे मोजले त्याला सगळ्याच कंपन्या उघडपणे दाखवत नाहीत. आमच्या नाक्यावरचा एक पोरगा जुनी स्कूटर घेताना माझ्याकडे येऊन म्हणाला, काका, बॅटरी बघून द्या. माझ्या मीटरने ते बघता येत नाही, ती माहिती बॅटरीतल्या सर्किटमध्ये असते आणि त्याची किल्ली कंपनीकडे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमांत अशा गाड्यांच्या मालकाला ही माहिती वाचण्याचा हक्क लिहून दिला आहे. तसाच आपल्याकडे ई-रिक्षावाल्याला मिळायला हवा, कारण तो कर्ज काढून रिक्षा घेतो आणि दुसऱ्या बॅटरीला पुन्हा कर्ज काढतो.

ज्यांना स्वतः यंत्र लावायचं असेल त्यांना एक सूचना. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ आधी काढा. पाना एकाच वेळी पॉझिटिव्हला आणि बॉडीला टेकू देऊ नका. नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी असेल तर तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नका, तिच्यातून निघणारा वायू भडकतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला असेल तर आधी गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून ब्रशने स्वच्छ करा, नाहीतर यंत्र बॅटरीचं नव्हे, त्या गंजाचं रीडिंग देईल.

आणि कराड-पाटण भागातल्या ज्या गावांकडे रुग्णवाहिका आहे, त्यांनी दुकानावर निरोप द्यावा. तिन्ही रीडिंग मी पैसे न घेता काढून देतो आणि चालकाला शिकवून जातो. गाडी माझ्याकडे आणू नका. चालवत आणलेल्या गाडीचं पहिलं रीडिंग खरं येत नाही, म्हणून सकाळी सहाला मीच गाडी उभी असेल तिथे येईन.

आपला,
एक बॅटरी मेकॅनिक, कराड, जि. सातारा
(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे.)